यादी कोणी लिहिली?

आमच्या विभागाने काही वर्षांपूर्वी अंतर्गत कामकाजासाठी एक विकी सुरू केला. अभ्यासपत्रिका, बैठकांची टिपणे, प्रश्नपत्रिकांचे आराखडे असे सारे त्यावर असे. त्यातले सर्वांत वापरले जाणारे पान होते पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संदर्भग्रंथांच्या यादीचे. ग्रंथ, लेखक, प्रकाशनवर्ष, आवृत्ती, ग्रंथालयातील दाखलक्रमांक आणि शेवटी शेरा, असे त्या तक्त्याचे रकाने. ही यादी आम्हीच हाताने भरली होती, आणि हाताने भरलेल्या यादीत जे दोष असतात ते सारे तिच्यात होते. पुढे संगणक विभागातील एका तरुण सहकाऱ्याने ग्रंथालयाचा डेटाबेस त्या पानाला जोडून दिला. आता तक्ता रोज पहाटे आपोआप तयार होऊ लागला. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

एका निवृत्त ज्येष्ठ सरांना मात्र त्या तक्त्यात एका कादंबरीचे प्रकाशनवर्ष चुकलेले आढळले. दुसऱ्या आवृत्तीचे साल पहिलीचे म्हणून पडले होते. सरांनी ते पानावर दुरुस्त केले. दुसऱ्या दिवशी जुने साल परत आले. त्यांनी पुन्हा दुरुस्त केले, ते पुन्हा परतले. तिसऱ्या वेळी सर विभागात आले, खुर्चीवर बसले आणि अगदी शांतपणे त्यांनी विचारले, "ही यादी लिहितो कोण?"

आम्ही हसलो, पण उत्तर कोणालाच देता आले नाही. पान सर्वांचे होते, त्यावर 'संपादन' अशी कळ होती, आणि तरीही त्या पानावरचा तो चौकोन कोणाच्याच हाताला दाद देत नव्हता. साहित्याच्या अभ्यासकाला 'लेखक कोण' हा प्रश्न नवा नाही. संहितेत प्रक्षेप कोणता आणि मूळ कोणते हे ठरविण्यात आमच्या विद्याशाखेची कित्येक दशके गेली आहेत. त्यामुळे सरांच्या प्रश्नाचा माग काढत जावे असे वाटले. तो माग अपेक्षेपेक्षा लांबवर गेला.

या प्रश्नाच्या मुळाशी माहिती ठेवण्याच्या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. एक वृत्ती पानाची. पानावर मजकूर असतो, त्याला क्रम असतो, सूर असतो, आणि तो कोणीतरी लिहिलेला असतो. दुसरी वृत्ती कोठाराची. कोठारात नोंदी असतात, त्यांना स्वतःचा असा क्रम नसतो. विचारणारा जसे विचारील तशा त्या समोर येतात. ही दुसरी वृत्ती शास्त्रशुद्ध पायावर उभी केली ती आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी, १९७० च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात. तोवर संगणकातील माहिती मिळवायची तर ती कोठे आणि कोणत्या साखळीने ठेवली आहे हे ठाऊक असावे लागे, जुन्या वाड्यातील वस्तू शोधायला वाड्यातलाच माणूस लागावा तसे. कॉड यांचे म्हणणे असे, की विचारणाऱ्याला आतील मांडणीची गरजच पडू नये. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि काय हवे एवढेच सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने पाहावे. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा विचारण्यासाठी एक भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. या भाषेतील वाक्याला क्वेरी म्हणतात. आपण तिला पृच्छा म्हणू. पृच्छेचे उत्तर नेहमी तक्ताच असतो, मग तो एका ओळीचा का असेना. त्या तक्त्याला लेखक नसतो, फक्त विचारणारा असतो.

आता पानाकडे वळू. वर्ल्ड वाइड वेबचा इतिहास सांगताना तो सहसा दुवे जोडलेल्या पानांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि टिम बर्नर्स-ली यांच्या मनात तेच प्रथम होते हे खरे. परंतु जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेतील लोकांनी वेब वापरायला सुरुवात केली ती तत्त्वचिंतनासाठी नव्हे, तर दूरध्वनीक्रमांक शोधण्यासाठी. संस्थेची दूरध्वनीसूची मोठ्या मध्यवर्ती संगणकावर होती आणि तिथवर पोहोचणे कटकटीचे होते. ती वेबच्या पानावरून विचारता येऊ लागली, तेव्हा कित्येकांनी केवळ तेवढ्यासाठी ही नवी खिडकी पडद्यावर उघडी ठेवली.

त्याहून बोलका प्रसंग अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियातील स्लॅक या प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ पॉल कुंझ १९९१ च्या सप्टेंबरात सर्नला गेले असता बर्नर्स-ली यांनी त्यांना वेब दाखविले. पाने आणि दुवे पाहून कुंझ फारसे प्रभावित झाले नाहीत. पण पानावरून डेटाबेसला प्रश्न विचारता येतो हे दिसताच त्यांना स्पायर्स आठवले. भौतिकशास्त्रातील पूर्वप्रकाशित निबंधांची ही विशाल सूची स्लॅकच्या ग्रंथालयाने १९७० च्या दशकापासून जोपासली होती आणि जगभरचे संशोधक तिच्यासाठी धडपडत. ग्रंथपाल लुईस ॲडिस यांनी कुंझ यांचा पिच्छा पुरवला आणि १२ डिसेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. त्यावर वाचण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. एक छोटेसे पान आणि त्यातून स्पायर्सकडे जाणारी वाट, एवढेच. पुढच्याच महिन्यात दक्षिण फ्रान्समधील एका परिषदेत बर्नर्स-ली यांनी वेबचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याचा शेवट त्यांनी केला तो समुद्रापलीकडच्या या सूचीला प्रश्न विचारून.

वेबच्या इतिहासात एका ग्रंथपालबाईंचे नाव असे मोक्याच्या जागी येते, याचा ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. मुद्दा असा, की पान आणि पृच्छा यांची भेट नंतरची नाही. वेबला गिऱ्हाईक मिळाले तेच मुळी या भेटीमुळे.

मात्र या साऱ्यात पान वाचणाऱ्याला पानावर लिहिता येत नव्हते. ते दार उघडले वॉर्ड कनिंगहॅम यांनी. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी पोर्टलंड पॅटर्न रिपॉझिटरी या आपल्या स्थळावर 'विकीविकीवेब' सुरू केले. होनोलुलूच्या विमानतळावरील बसचे नाव 'विकी विकी', हवाईयन भाषेत 'झटपट'. 'क्विकवेब' हे आधी सुचलेले नाव त्यांनी या शब्दासाठी सोडले. (हे पोर्टलंड ओरेगनमधले. कॉड यांचा जन्म झाला तेही पोर्टलंडच, पण ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. योगायोगापलीकडे त्याला अर्थ नाही, पण कोठार आणि पान या दोघांचे गाव एकाच नावाचे निघावे याची गंमत वाटते.) विकीची सारी प्रतिष्ठा एका गोष्टीत होती: जे दिसते ते बदलता येते. चूक दिसली, तर चूक दाखविणारे पत्र लिहू नका, चूक दुरुस्त करा. सरांनी केले ते नेमके हेच.

कार्यालयांतून आणि प्रयोगशाळांतून विकी शिरला तशी लगेचच एक अडचण जाणवली. गटाच्या कामात निम्मी पाने याद्यांची असतात: प्रलंबित कामे, उपकरणे, कोणाकडे काय. या याद्या हाताने ठेवल्या की शिळ्या होतात. पीटर थोएनी यांनी १९९८ साली सुरू केलेल्या टीविकीने यावर तोडगा काढला. पानाला एक छोटा अर्ज जोडायचा, त्यातील रकाने भरायचे, आणि दुसऱ्या पानावर शोधाची एक आज्ञा लिहून ठेवायची. पान उघडले की आज्ञेच्या जागी शोधाचे उत्तर तक्त्याच्या रूपाने दिसे. वाचणाऱ्याला तक्ता, संपादन करणाऱ्याला आज्ञा. पानाचे असे दोन चेहरे झाले. पुढे बाहेरच्या डेटाबेसला थेट पृच्छा पाठविणारी जोडउपकरणेही अशा बहुतेक विकींना मिळाली. त्यांच्या तांत्रिक पथ्यांत (वाचण्यापुरतीच परवानगी द्यावी, संकेतशब्द पानावर लिहू नये) येथे शिरत नाही. ती पाळली जात नाहीत, एवढे मात्र आमच्या अनुभवावरून सांगता येईल.

विकिपीडियाची कहाणी अधिक विरोधाभासाची आहे. १५ जानेवारी २००१ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिची पाने साध्या धारिकांत साठविली जात. २००२ च्या जानेवारीत माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली नवी प्रणाली आली आणि पाने मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये गेली. त्याच वर्षीच्या जुलैत ली डॅनियल क्रॉकर यांनी ती प्रणाली नव्याने लिहिली आणि तिच्यातून आजचे मीडियाविकी उभे राहिले. म्हणजे सारा ज्ञानकोश डेटाबेसमध्येच आहे. पण कसा? पान म्हणजे मजकुराचे एक बंद गाठोडे. गाठोड्याचे नाव, ते कोणी बांधले, केव्हा बांधले, हे कोठाराला ठाऊक. आत काय आहे याचा त्याला पत्ता नाही. मुंबईवरच्या लेखात लोकसंख्या लिहिलेली आहे, पण 'लोकसंख्येनुसार शहरे सांग' असे म्हटल्यास कोठार मुकाट राहते.

गाठोड्यांच्या नावांपुरते तरी विचारू द्यावे म्हणून सुरुवातीच्या काळात प्रचालकांसाठी एक विशेष पान होते. त्यावर एसक्यूएल पृच्छा लिहून चालत्या विकिपीडियाला थेट विचारता येई. एखादी अवजड पृच्छा सारे स्थळ ओणवे करी; ती सोय अर्थातच बंद झाली. अनाथ पाने, वर्ग नसलेली पाने अशा तयार याद्यांची विशेष पाने उरली, पण मोठ्या विकींवर त्यांतल्या कित्येक ताज्या नसतात. अधूनमधून काढून ठेवलेले उत्तर दाखविले जाते आणि ते केव्हाचे आहे याची वर नोंद असते. या काटकसरीच्या व्यवस्थेला मीडियाविकीच्या रचनाकारांनी कंजूषपणाचे नाव दिले आहे: 'मायझर मोड'. आम्हाला हे नाव प्रामाणिक वाटते.

लेखांच्या आत शिरण्याचा पहिला मोठा प्रयत्न २००५ साली झाला. कार्ल्सरूह येथील मार्कुस क्र्योट्श, डेनी व्रांडेचिच आणि माक्स फ्योल्केल यांनी 'सिमँटिक मीडियाविकी'ची कल्पना मांडली. लेखात दुवा देतानाच त्या दुव्याचा अर्थ सांगायचा: हे नुसते 'बर्लिन' नव्हे, 'राजधानी: बर्लिन'. असे केले की पानांतूनच कोठार तयार होते आणि दुसऱ्या पानावर एक छोटीशी पृच्छा लिहून त्याची यादी मांडता येते. या मंडळींच्या वर्तुळात एक उदाहरण वारंवार दिले जाई: ज्यांच्या महापौर स्त्रिया आहेत अशी जगातील सर्वांत मोठी शहरे कोणती? उत्तराला लागणारी प्रत्येक वस्तुस्थिती विकिपीडियात कोठे ना कोठे लिहिलेली होती, पण उत्तर कोठेच नव्हते. सुलोचना मोदी १९५६ साली मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या हे वाक्य एका गाठोड्यात, मुंबईची लोकसंख्या दुसऱ्यात.

विकिपीडियाने ही प्रणाली स्वीकारली नाही, पण असंख्य संस्थांच्या छोट्या विकींनी स्वीकारली. तिच्यातून निर्माण झालेल्या एका अडचणीकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे होते असे आम्हाला वाटते. विकीचा दुसरा मोठा गुण म्हणजे पानाचा इतिहास. प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते आणि कोणत्याही दिवशी ते पान कसे होते हे पाहता येते. पण पानावर तक्ता नसून पृच्छा असेल तर? २००८ सालची आवृत्ती उघडली की तिच्यातील पृच्छा आजच्या कोठाराला विचारली जाते आणि आजचे उत्तर २००८ च्या मजकुरात येऊन बसते. वर लिहिलेले असते, 'खालील यादीवरून दिसते की...', आणि खाली भलतीच यादी. पोथीचा लेखनकाल तोच राहून तिच्यातील ओव्या रात्रीतून बदलाव्यात तसे हे. संहिताचिकित्सकाला याहून मोठे दुःस्वप्न नाही.

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी विकिडेटा सुरू झाला. व्रांडेचिच त्याचे पहिले प्रमुख. आता वस्तुस्थिती लेखांतून बाहेर काढून एका स्वतंत्र, सामाईक कोठारात ठेवली गेली. प्रत्येक गोष्टीला 'क्यू'ने सुरू होणारा क्रमांक मिळाला; विश्व क्यू १, पृथ्वी क्यू २. आज अशा नोंदी दहा कोटींहून अधिक आहेत. मूळ योजनेत तीन टप्पे होते. पहिल्यात निरनिराळ्या भाषांतील लेखांचे परस्परदुवे, दुसऱ्यात माहितीचौकटी, आणि तिसऱ्यात आपोआप तयार होणाऱ्या याद्या. पहिले दोन पार पडले. तिसरा त्या रूपात कधी आलाच नाही. २०१५ साली विकिडेटाला स्पार्कल भाषेत पृच्छा करण्याची सोय झाली, पण तिचे उत्तर विकीच्या पानावर मांडण्याची सोय प्रणालीने स्वतः दिली नाही.

ती उणीव भरून काढली त्याच मान्स्के यांनी, ज्यांनी तेरा वर्षांपूर्वी पाने कोठारात नेली होती. त्यांच्या सांगकाम्याचे नाव लिस्टेरिया. 'लिस्ट' म्हणजे यादी खरीच, पण लिस्टेरिया हा शिळ्या अन्नातून होणाऱ्या एका आजाराचा जीवाणूही आहे, आणि मान्स्के जीवशास्त्राकडचे. शिळ्या याद्यांवर उतारा म्हणून काढलेल्या साधनाला हे नाव देण्यात खवचटपणा असावा. याचे काम साधे आहे. पानावर एक साचा लावून त्यात पृच्छा लिहायची, खाली शेवट दाखविणारा दुसरा साचा लावायचा. सांगकाम्या ठराविक काळाने येतो, विकिडेटाला विचारतो आणि दोन साच्यांमध्ये तक्ता लिहून जातो. मधे माणसाने काही लिहिले असेल, तर ते पुसले जाते.

आमच्या सरांची गोष्ट आमच्यापुरती नव्हती, हे तेव्हा कळले.

या पद्धतीचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. तक्ता खरोखर पानावर लिहिला जात असल्याने तो इतिहासात उरतो. गेल्या वर्षीची यादी गेल्या वर्षीच्याच रूपात दिसते. इंग्रजी विकिपीडियावर २०१५ पासून काम करणाऱ्या 'विमेन इन रेड' या गटाने याचा फार चांगला उपयोग केला. विकिडेटात नोंद आहे पण इंग्रजीत लेख नाही अशा स्त्रियांच्या याद्या, व्यवसायानुसार आणि देशानुसार, या गटाच्या कामाच्या पानांवर सांगकाम्या मांडतो, आणि त्या लाल दुव्यांकडे पाहून माणसे लेख लिहितात. २०१४ साली इंग्रजी विकिपीडियातील चरित्रलेखांपैकी जेमतेम १५ टक्के स्त्रियांचे होते. आता ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आहे. येथे यंत्राने काढलेली यादी हे लेखनाचे निमंत्रण ठरले.

मराठीपुरते बोलायचे तर मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, आणि विकिडेटाला मराठीतही विचारता येते. पण उत्तराचा तक्ता पाहिला की छाती दडपते. ज्या नोंदीला कोणी मराठी नाव दिलेले नाही तिच्या जागी इंग्रजी नाव येते, आणि तेही मागितलेले नसेल तर नुसता क्यूचा क्रमांक. हाताने केलेल्या अपुऱ्या यादीत आपले अज्ञान झाकून राही; येथे ते ओळीने क्रमांक लावून उभे राहते. हे एका परीने बरेच झाले.

खरी चिंता वेगळीच आहे. ज्ञानेश्वरांचे जन्मसाल शके ११९३ की ११९७, म्हणजे इसवी १२७१ की १२७५, हा वाद आपल्या वाङ्मयेतिहासाला परिचित आहे. विकिडेटात दोन्ही साले आधारांसह ठेवता येतात, आणि ही त्याच्या रचनाकारांची मोठी समज म्हणायला हवी. पण त्यांतील एकाला 'अधिक ग्राह्य' ठरविले, तर साधी पृच्छा तेवढेच उचलते आणि तक्त्यात वादाचा मागमूस राहत नाही. दोन्ही समान ठेवली, तर ज्ञानेश्वर यादीत दोनदा येतात. वादाला तिसरे रूप त्या तक्त्यात नाही. जनाबाईंचे तर आणखी कठीण. त्यांचे जन्मसाल निश्चित सांगता येत नाही. 'अज्ञात' अशी नोंद करण्याची सोय कोठारात आहे, परंतु 'तेराव्या शतकात जन्मलेल्या कवयित्री' अशी पृच्छा केली की अज्ञात साल ना होकारात बसते ना नकारात, आणि यंत्र ती ओळ गाळते. चूक कोणाचीच नाही. फक्त जनाबाई यादीत नाहीत, आणि यादी पाहणाऱ्याला त्या नाहीत हे कळायला मार्ग नाही.

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' ज्यांनी हाताळली आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लवकर उमगेल. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे तिचे दोन खंड. ती छापली गेली त्या दिवशीच जुनी होऊ लागली आणि तरीही आज आधाराला घ्यावी लागते. तिच्यात चूक सापडली तर ती दात्यांची चूक असते. समासात पेन्सिलीने दुरुस्ती करता येते, आणि ग्रंथालयाच्या प्रतीत पूर्वीच्या कोणा वाचकाने केलेली अशी दुरुस्ती सापडली की कोण आनंद होतो! पहाटे बदलणाऱ्या तक्त्याला समास नाही.

आमच्या विभागात पुढे काय झाले ते सांगून थांबतो. सरांना आम्ही ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये दुरुस्ती करून घेण्याचा मार्ग दाखविला. अर्ज दिला, तो तीन महिने फिरला आणि साल बदलले. पण 'शेरा' हा रकाना ग्रंथालयाच्या नोंदीत नव्हताच, त्यामुळे जोडणी झाली त्या दिवशीच सरांचे कित्येक वर्षांचे शेरे पानावरून नाहीसे झाले होते, आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. पानाच्या इतिहासातून जुनी आवृत्ती काढून आम्ही ते उतरवून घेतले. एकशे बारा भरले. आता ते तक्त्याच्या खाली, सांगकाम्याच्या हद्दीबाहेर, दाखलक्रमांकानुसार लिहिलेले आहेत आणि प्रत्येकापुढे सरांची आद्याक्षरे आहेत. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने त्यांतल्या एकाला खाली उत्तर लिहिले आहे. सरांचे मत तिला मान्य नाही.